कावेरी फ्लॅट्सची सातवी खेळाडू

राजसबाईंच्या हातून तुपाचा डबा निसटला आणि तो फरशीवर आदळायच्या आत कामवाल्या वसंताने झेलला. गोष्ट एवढ्यावरच मिटली असती. पण नेमकी त्याच वेळी वरच्या मजल्यावरची कल्पना विरजणासाठी वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काकू! बघितलंत? एका हाताने!" वाटी हातातच विसरून कल्पना ओरडली. "आपली सातवी मिळाली!"

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या कावेरी फ्लॅट्सच्या महिला थ्रोबॉल संघाच्या राजसबाई कप्तान होत्या. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यावर हाताखाली माणसं नाहीत याची त्यांना जी चुटपूट लागली होती, ती या संघाने घालवली होती. समोरच्या अशोका एन्क्लेव्हशी सामना आठवड्यावर आला होता आणि संघातली रंजनी न्हाणीघरात घसरून मनगट प्लास्टरमध्ये घालून बसली होती. गेल्या वर्षी अशोका एन्क्लेव्हने यांना धूळ चारली होती. त्यांची कप्तान अलमेलू मामी तेव्हापासून भाजीवाल्याकडे भेटली की "प्रॅक्टिस कशी चाललीय?" असं इतक्या प्रेमाने विचारायची की राजसबाईंना वांगी निवडणं अवघड व्हायचं.

"तू डबा झेललीस, वसंता!" राजसबाई आपल्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलें!"

"मी कुठला झेलतेय, अम्मा? डबाच हातात येऊन पडला," वसंता तमिळमध्ये म्हणाली आणि डबा फडताळात ठेवून भांड्यांकडे वळली. इतकी वर्षं त्या घरात काम केल्यामुळे राजसबाईंचं मराठी तिला पूर्ण कळायचं. कल्पनाचं कऱ्हाडचं मराठी मात्र दोघींनाही अर्धंच कळायचं.

"ती नाहीच म्हणणार, काकू," कल्पना हळू आवाजात म्हणाली. ती मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर होती आणि तिथल्या समानतेच्या समितीवरही होती. "या बायकांना कधी संधीच मिळालेली नसते ना. आत किती टॅलेंट दडलेलं असतं!"

"मला चेंडू येत नाही," वसंता नळ सोडता सोडता म्हणाली.

"बघा, किती विनय!" कल्पना म्हणाली.

राजसबाईंनी आयुष्यभर कर्ज मागायला आलेल्यांचे चेहरे वाचले होते. माणूस ओळखण्यात आपण चुकत नाही याची त्यांना खात्री होती. दुपारच्या कॉफीच्या आत त्यांनी वसंताचं नाव गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंसुद्धा.

अलमेलू मामीचं उत्तर लगेच आलं. स्पर्धा रहिवाशांची आहे. कामवाली बाई रहिवासी कशी?

राजसबाई उत्तराची जुळवाजुळव करत होत्या, तेवढ्यात कल्पनाने कंपनीच्या मीटिंगमधूनच भलामोठा मजकूर धाडला. कावेरी फ्लॅट्समध्ये जागेपणी सर्वांत जास्त वेळ कोण असतं? आपण सगळ्या नोकऱ्यांवर जातो आणि झोपायला परत येतो. इमारतीचे जिने कुणाला जास्त ठाऊक आहेत? वसंताला घरात यायला हरकत नाही आणि मैदानात यायला आहे, हा कुठला न्याय? आणि शेवटी तिने तमिळमध्ये लिहायला शिकलेला एकच शब्द लिहिला: समूगनीदी. म्हणजे समाजन्याय.

हा शब्द चेन्नईत एकदा उच्चारला की त्याच्या विरोधात कुणी उभं राहत नाही. अलमेलू मामीने जोडलेले हात पाठवले. चौघींनी फुलं पाठवली. राजसबाईंनीही मग "वसंता आमच्या घरातलीच आहे" असं लिहून टाकलं आणि कुणीतरी तो सगळा संवाद वॉर्डाच्या कौन्सिलरबाईंना पुढे पाठवला.

संध्याकाळी गच्चीवर पहिला सराव झाला. वसंताने साडीचा पदर खोचला, वरून संघाचा पिवळा टी-शर्ट चढवला आणि सांगितल्या जागी उभी राहिली. कल्पनाने चेंडू टाकला. तो जवळ आल्यावर, दारात आलेल्या पाहुण्याला आत जायला वाट द्यावी तशी वसंता बाजूला सरकली. चेंडू मागच्या पाण्याच्या टाकीवर आदळला.

"वसंता, धर की मा!" राजसबाई म्हणाल्या.

"लागेल ना, अम्मा!"

"लागत नाही. हातात घ्यायचा."

"कुणी आपल्यावर काही फेकलं तर बाजूला व्हावं, असं माझी आई सांगायची."

दुसरा चेंडू तिने डोळे मिटून धरायला पाहिला. तो डोक्यावरून गेला. तिसरा तिने कसाबसा उचलला आणि पुढे फेकला, तो मागे गेला. मागे कसा गेला हे कल्पनालासुद्धा, इंजिनीअर असून, सांगता येईना. अंधार पडेपर्यंत राजसबाईंना कळून चुकलं की वसंताने सकाळी जे सांगितलं होतं ते विनयाने नव्हे, माहिती म्हणून सांगितलं होतं.

"सरावाने जमेल," कल्पना म्हणाली.

"जमणार नाही," घाम पुसत वसंता म्हणाली.

राजसबाई डगमगणाऱ्यांपैकी नव्हत्या. सहाजणींनी खेळायचं, वसंताच्या पायात कळ आली म्हणून कळवायचं, असं त्यांनी झोपण्यापूर्वी ठरवून टाकलं. सकाळी त्यांचे यजमान बालाजीराव दूध घेऊन आले आणि चपला न काढताच दारात उभे राहिले.

"राजसा, कोपऱ्यावर तुमच्या टीमचा फ्लेक्स लागलाय."

"आमचा?"

"म्हणजे वसंताचा. तू नाहीस त्यात."

राजसबाई तशाच खाली गेल्या. गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्याच्या गाडीवर सावली पडेल एवढा मोठा फ्लेक्स होता. हात जोडलेल्या कौन्सिलरबाई आणि त्यांच्या शेजारी, आधार कार्डावरचा घाबरलेला चेहरा मोठा करून लावलेली वसंता. तिच्या खांद्याशी कुणीतरी संगणकावर एक बास्केटबॉल चिकटवला होता. खाली लिहिलं होतं: 'समाजन्यायाच्या वीरांगनेला शुभेच्छा! सामन्यास कौन्सिलरबाई स्वतः उपस्थित राहतील.'

वसंता फ्लेक्ससमोर पिशवी घेऊन उभीच होती.

"तुझा फोटो त्यांना कोण दिला?" राजसबाईंनी विचारलं.

"नवऱ्याने. विचारायला आले होते, त्याने काढून दिला." वसंताने स्वतःकडे पुन्हा एकदा पाहिलं. "अम्मा, तुम्ही मला काढणार होतात ना?"

राजसबाई फ्लेक्सच्या दोऱ्या निरखू लागल्या.

"आता काढू नका. माझी नणंद वेळच्चेरीहून बघायला येणार आहे. मला चेंडू येत नाही हे माझं मी बघेन. पण काढलंत तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

राजसबाईंनी फ्लेक्सकडे पाहिलं, वसंताकडे पाहिलं आणि खांदे सरळ केले. "सेरी, ठीक," त्या म्हणाल्या. "खेळ. कावेरी फ्लॅट्स सात घेऊन उतरणार."

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती इतकी माणसं जमली की दोन्ही इमारतींना आपल्याच सामन्याची धास्ती वाटली. फ्लेक्स बघून आसपासच्या चार गल्ल्यांमधल्या कामवाल्या बायका, वॉचमन, इस्त्रीवाला आणि वेळच्चेरीची नणंद असे सगळे आले होते. मांडवात कौन्सिलरबाई शाल पांघरून बसल्या होत्या.

अलमेलू मामी मूर्ख नव्हती. वसंताला झेलता येत नाही हे तिने पहिल्याच चेंडूला हेरलं आणि मग तिच्या संघाचा प्रत्येक चेंडू वसंताकडेच येऊ लागला. वसंता कधी बाजूला सरकली, कधी खाली बसली. एकदा चेंडू तिच्या खांद्यावर आपटून मांडवात गेला आणि कौन्सिलरबाईंचा गुच्छ घेऊन पडला. पहिला सेट हां हां म्हणता गेला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "सगळे तिच्याच अंगावर कशाला टाकता?"

"गरीब बाई दिसली म्हणून होय?" नणंद ओरडली. मग चार गल्ल्या एकदम ओरडू लागल्या. कौन्सिलरबाईंनी खुर्चीतून पुढे वाकून अशोका एन्क्लेव्हकडे पाहिलं. मामीचा चेहरा उतरला. तिने आपल्या संघाला जवळ घेऊन काहीतरी कानात सांगितलं आणि दुसऱ्या सेटमध्ये वसंताकडे एकही चेंडू आला नाही. मैदानाचा तो कोपरा कुणी तारेचं कुंपण घातल्यासारखा त्यांनी टाळला.

आता चेंडू कुठे येणार हे आधीच कळत असल्यामुळे बाकीच्या सहाजणींना झेलणं सोपं झालं. कल्पना उड्या मारत होती. राजसबाईंनी त्या वयात घेऊ नयेत असे दोन झेल घेतले. कावेरी फ्लॅट्सने दुसरा सेट जिंकला.

तिसरा सेट सुरू झाला. गुण आपल्याच बाजूला वाढत होते. चषक राजसबाईंना डोळ्यांपुढे, शोकेसमधल्या लग्नाच्या फोटोशेजारी दिसू लागला होता. इतक्यात वसंता आपली जागा सोडून सरळ जाळीपाशी गेली.

"मामी," ती म्हणाली, "माझ्याकडे चेंडू का येत नाही?"

मामी गडबडली. "अगं, तुला लागेल म्हणून..."

"मघाशी लागला तेव्हा चालला. आता मी इथे उभी कशाला? झाडू आणून मैदान तरी झाडते. खेळायला घेतलंय तर चेंडू टाका."

राजसबाई धावत आल्या. "वसंता, गप्प राहा मा! आपण जिंकतोय!"

"तुम्ही जिंकताय, अम्मा. मी नुसती उभी आहे."

शिट्टी वाजवणारा पंच शिट्टी तोंडात धरून थांबला होता. राजसबाईंनी त्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मांडवातला चषक त्यांनी एकदा नीट बघून घेतला, बस चुकलेल्या माणसाने लांब जाणाऱ्या बसकडे बघावं तसा.

"टाका, मामी," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे टाका."

मामीने सुटकेचा श्वास सोडला आणि चेंडू टाकला. वसंता यावेळी बाजूला सरकली नाही. चेंडू तिच्या कपाळावर लागून उडाला. पुढचा हातातून निसटला, त्याच्या पुढचा छातीवरून गडगडत गेला. प्रत्येक वेळी ती कपाळ चोळत पुन्हा उभी राहिली आणि "हं, टाका," म्हणाली. कावेरी फ्लॅट्स हरलं. चार गल्ल्या मात्र टाळ्या वाजवतच राहिल्या आणि त्या कुणासाठी आहेत हे अशोका एन्क्लेव्हला शेवटपर्यंत कळलं नाही.

बक्षीस समारंभात कौन्सिलरबाईंनी वसंताला शाल घातली आणि माईक तिच्या हातात दिला. "दोन शब्द बोला."

वसंताने माईककडे संशयाने पाहिलं. "मला हा खेळ आवडला नाही," ती म्हणाली. मैदान हसलं. "पण सगळ्या म्हणतात मी टीममधली. टीममधल्या बाकी सगळ्यांना रविवारी सुट्टी असते. मला नसते. ती द्यावी." आणि तिने माईक परत केला.

पहिली टाळी कल्पनाने वाजवली. मग चार गल्ल्यांमधल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. कौन्सिलरबाईंनी राजसबाईंकडे पाहिलं, तेव्हा सगळं मैदान राजसबाईंकडेच पाहत होतं.

राजसबाईंना रविवार दिसला. इडलीचे साचे, सांबाराचं पातेलं, ओट्यावरचा ढीग. पण शेजारी चषक काखोटीला मारून अलमेलू मामी मंद हसत उभी होती. राजसबाई ताड ताड पुढे गेल्या आणि त्यांनी माईक घेतला.

"कावेरी फ्लॅट्समध्ये येत्या रविवारपासून सुट्टी!" त्या तमिळमध्ये गरजल्या. "अशोका एन्क्लेव्हचं काय ते त्यांची कप्तान सांगेल."

मामीचं हसू विरलं. मागे तिची स्वतःची कामवाली उभी होती. मामीने माईक ओढून घेतला. "आमच्याकडेही! आणि पगार न कापता!"

"आमच्याकडे तर सणाच्या सुट्ट्या वेगळ्या!" राजसबाईंनी माईक हिसकला.

"आमच्याकडे सणाला साडी!"

"आमच्याकडे साडी आवडीची, दुकानात नेऊन!"

त्या दिवशीचा सगळ्यात चुरशीचा खेळ तो झाला. माईक इकडून तिकडे जात होता आणि एकीनेही तो खाली पडू दिला नाही. शेवटी मांडववाल्याने वीज बंद केली, तेव्हा कुठे दोघी थांबल्या.

पुढच्या रविवारी बालाजीराव ओट्यापाशी उभे राहून तवा घासत होते. घासून झाल्यावर तो उजेडात धरून पाहत होते आणि पुन्हा घासत होते. राजसबाई टी-शर्ट घालून गच्चीवर गेल्या. बाकीच्या आल्या होत्या. चेंडू फिरू लागला, तोच जिन्यात पावलं वाजली.

वसंता वर आली. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, केसांत ताजा मोगरा होता आणि काखेत वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची होती. टाकीच्या सावलीत खुर्ची मांडून ती निवांत बसली. तिने कमरेची पुडी सोडली आणि उकडलेल्या शेंगा फोडायला सुरुवात केली.

"आज सुट्टी न तुला?" राजसबाई म्हणाल्या. "मग हिकडे कशाला आलीस?"

"सुट्टी आहे म्हणूनच आले, अम्मा. घरी टीव्ही बिघडलाय."

एवढ्यात कल्पनाने टाकलेला चेंडू राजसबाईंच्या बोटांतून निसटला आणि घरंगळत थेट वसंताच्या खुर्चीपाशी गेला. वसंताने पाय जरा वर उचलले, म्हणजे चेंडू काढायला सोपं जाईल.

"अम्मा, डोळे मिटलेत तुम्ही," शेंग तोंडात टाकत ती म्हणाली. "उघडे ठेवा. लागत नाही."

आणि राजसबाई, पूर्ण कमरेत वाकून, वसंताच्या खुर्चीखालून चेंडू काढू लागल्या.