गंगाराममामांचा कॉपीराइट

लग्नाच्या पंगतीतून उठून लाउडस्पीकरवाल्याशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गंगाराममामा साळवे. हातात बुंदी तशीच आणि तोंडाने आरोळी, "थांब रं! गानं संपलं न्हाई अजून. नाव कुठंय?"

मामा आणि मी नागापूरला एमआयडीसीत एकाच कारखान्यात. ते लेथवर, मी ऑफिसात. पण नगरमध्ये मामांची ओळख होती ती त्यांच्या गाण्यांमुळे. एप्रिलातल्या जयंतीला ती गल्लोगल्ली वाजत. जुन्या रिवाजाने शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यायचं, "गंगाराम म्हणे" असं. कॅसेटवाला नेमकं तेच कडवं उडवायचा. "टेप पुरत नाही हो मामा," म्हणायचा. पुढे गावोगावचे गायक तिथे खुशाल आपलं नाव घालत.

मग मामा जिथे असतील तिथे उरलेलं कडवं स्वतः म्हणत. एकदा अकोल्याला जाताना जीपमध्ये त्यांचं गाणं लागलं आणि ऐन घाटात तुटलं. मामांनी असा काही सूर लावला की ड्रायव्हरने घाबरून जीपच थांबवली. कडवं पुरं झाल्यावर मामा म्हणाले, "हां, आता चला."

अशात पेपरात बातमी आली. आता कॉम्प्युटर आणि सीडीचा जमाना येणार, तेव्हा सरकार कॉपीराइटचा कायदा नव्याने करायच्या विचारात आहे. मामांना दहा हत्तींचं बळ आलं. कॅन्टीनमध्ये ते रोज एकेक कलम तोंडी मंजूर करू लागले.

"कलम पयलं. नाव कापील त्याला त्याच्याच आवाजात गानं म्हनायला लावायचं, चौकात."

"आणि दुसरं?"

"कॉम्प्युटरला आदी कवीचं नाव सांगायचं, मंग गानं."

"त्याला कसं कळणार, मामा?"

"आपल्या सायबाला सांगून कळतं. त्याला न्हाई व्हय कळनार?"

भेटले की विचारायचे, "भाऊसाहेब, झाला का सरकारचा इचार?"

"चालू आहे."

"लई मोठा इचार दिसतोय."

त्या हिवाळ्यात मामी गेल्या. सोजराबाई. शाळेचं तोंड न पाहिलेली, हसतमुख बाई. मामांनी कडवं म्हणायचंच सोडलं. चहाच्या टपरीवर त्यांचं गाणं लागलं, कडवं तुटलं, तरी ते नुसते कपाकडे बघत बसले. मला ते बघवेना. मीच विषय काढला, "मामा, पेपरात परत कायद्याची चर्चा आहे."

"सरकारचा कायदा यील तवा यील," ते म्हणाले. "आपला आपन करू."

आणि जयंतीला त्यांनी नवं गाणं केलं. या खेपेला सीडी निघाली. कॅसेटवाल्याच्या नव्या कॉम्प्युटरवर टेप संपायचा प्रश्नच नव्हता. तरी जित्याची खोड, त्याने शेवटचं कडवं उडवलंच. मी चिडलो, तर मामा शांतपणे म्हणाले, "कापू द्या."

मिरवणूक निघाली, ट्रकवर गाणं लागलं, आणि मला उलगडा झाला. नाव या वेळी शेवटी नव्हतंच. दर कडव्यानंतर घोळून घोळून येणाऱ्या ध्रुपदातच मामांनी ते पेरलं होतं:

"हातात पाटी, डोईवर ऊन,
सोजर म्हणे, मी आले शिकून!"

आता काय कापतोस, काप! ध्रुपद काढलं तर गाणंच उरत नाही. बाया टाळ्या धरून गात होत्या. श्रीरामपूरचं पथक तेच म्हणत होतं. कडेला उभा असलेला कॅसेटवालासुद्धा नकळत ओठ हलवत होता. मी आनंदाने मामांना मिठीच मारली.

"जिंकलात, मामा! पण यात तुमचं नाव कुठंय?"

मामांचे डोळे भरले होते, मान मात्र ताठ होती.

"चाली समद्या तिच्या हुत्या, भाऊसाहेब. भाकरी थापताना गुनगुनायची. मी शबुद भरायचो अन् खाली माझं एकट्याचं नाव टाकायचो. तिचं नाव कापनारा पयला मीच की."

तेवढ्यात ध्रुपद परत आलं. मामा दोन्ही हात वर करून लग्नातल्या त्याच आवाजात गर्दीवर ओरडले, "मोठ्यानं म्हना! नाव नीट ऐकू येऊ द्या!"

अख्ख्या रस्त्याने सोजराबाईंचं नाव घेतलं.