अकरा वाक्यं आणि एक स्प्रिंग

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत गणपतीतलं नाटक म्हटलं की पडदा ओढायला मी, हे चौदा वर्षं ठरलेलं. मागच्या वर्षी मात्र व्हिलनचं काम करणाऱ्या गृहस्थांची दाढ सुजली आणि दिग्दर्शक दत्तप्रसाद यांनी (निवृत्त हेडमास्तर, अजूनही माणसाकडे बाकावर उभं करायच्या नजरेनेच बघतात) ते काम मला दिलं. बायकोचे दागिने लंपास करणारा नवरा. तिसऱ्या अंकात दागिने कुठे लपवले याची कबुली, सलग अकरा वाक्यं, आणि मग बायकोच्या गोळीने मृत्यू. बायकोच्या कामाला आमचीच पद्मजा होती. निवड अगदी योग्य आहे असं अख्ख्या सोसायटीचं मत पडलं. मला कोणी विचारलं नाही.

अकरा वाक्यं! सत्तावीस वर्षांच्या कारकुनीत मी साहेबांसमोर सलग दोन वाक्यं बोललेलो नाही. तेव्हा साहेबांसकट सगळ्या सेक्शनला मी नाटकाचं आमंत्रण देऊन टाकलं.

अडचण एकच होती, रिव्हॉल्व्हर. आठ टिकल्यांची चकती बसणारं ते दिवाळीचं पत्र्याचं रिव्हॉल्व्हर, पण ट्रिगर असा घट्ट की तालमीत पद्मजा दात-ओठ खाऊन दोन्ही हातांनी ओढायची. तोवर मी पडलेलो असायचो.

"अहो यज्ञेश्वर, बायकोने मारायच्या आधीच काय मरता?" दत्तप्रसाद कडाडले. "बार ऐकल्याशिवाय मरायचं नाही. आणि बार ऐकला की डोकं चालवायचं नाही, पडायचं!"

"ट्रिगरच घट्ट आहे हो," पद्मजा म्हणाली.

"मी स्प्रिंग बदलतो की," मी बोलून गेलो. (माझ्या आयुष्यातले सगळे अनर्थ याच सुरात सुरू झालेत.)

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतल्या एका दुकानात जाऊन विचारलं, "रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग आहे का?"

दुकानदाराने मान वर केली नाही. "आधी पोलिसांकडे जाऊन या."

"अहो, खेळण्यातलं आहे!"

"मग खेळा. मागच्यांना जागा द्या."

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि स्क्रू सोडवला. टिंग! मूळची स्प्रिंग उडाली ती (माझ्या अंदाजाने) वरणात गेली. मग पद्मजाच्या पेपर तपासायच्या लाल पेनातली स्प्रिंग काढून बसवली. ट्रिगर लोण्यासारखा मऊ झाला! पण टिकलीवर आपटणारा घोडाही मऊ पडला आणि टिकली काही उडेना. मग घोड्याला कपडे वाळत घालायच्या चिमट्याची कडक स्प्रिंग लावली. आता फाटकन बार उडाला आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पद्मजाने ते दोन बोटांत धरून पाहिलं. "अहो, शिंकलं तरी उडेल हे."

"याला स्मूथ म्हणतात."

"मिक्सरलाही स्मूथच म्हणाला होतात." (त्या मिक्सरच्या भांड्यात सध्या मनीप्लांट आहे.)

प्रयोगाला सेक्शन तिसऱ्या रांगेत. तिसरा अंक आला. मी कमरेवर हात ठेवून छाती भरून श्वास घेतला. पद्मजाने रिव्हॉल्व्हर काढायला पर्समध्ये हात घातला आणि पर्समध्येच, फाट्!

बार ऐकला की पडायचं. मी पडलो.

पर्समधून धूर येत होता. "उठा," पद्मजा पुटपुटली, "दागिने राहिले."

मी कोपरावर उठलो. "ते दागिने मी..." तिने नुसता हात वळवला. फाट्! मी पडलो. बिचारीने ते हळूच टीपॉयवर ठेवलं. फाट्! तोवर निम्मा उठलेला मी पुन्हा आडवा. पोरं मोठमोठ्याने मोजायला लागली, "तीन झाले, पाच राहिले!" विंगेत दत्तप्रसाद डोकं धरून बसले होते. चौथ्या वेळी तर कोणीतरी लोखंडी खुर्ची मिटली, तरीही मी पडलो.

दागिन्यांचा पत्ता कळल्याशिवाय नाटक संपणार कसं? शेवटी पद्मजा कमरेला पदर खोचून प्रेक्षकांकडे वळली. "मरू दे! ह्यांच्या आईच्या लोखंडी कपाटात असतील. ह्यांचं सगळं तिथेच असतं!"

टाळ्या थांबेनात. दाढवाल्या गृहस्थांनी पडदाही माझ्यापेक्षा सफाईने ओढला. पद्मजाला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. साहेब मुद्दाम आत येऊन मला म्हणाले, "काय मरता हो! ऑफिसात जिवंतपणी एवढी हालचाल करत नाही."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अकरा वाक्यं पोटातच राहिली. सहा महिने मी ती बाथरूममध्ये म्हणत होतो, शेवटी पद्मजाने गीझर बंद केला.

यंदा गणपतीच्या आधी दत्तप्रसाद स्वतः घरी आले. "यज्ञेश्वर, तुमच्यासाठी काम आहे. नायिकेचा दिवंगत नवरा. तिन्ही अंक स्टेजवर, भिंतीवर हार घातलेल्या फोटोत."

वाक्य एकही नाही, पण तिन्ही अंक! मी भिंतीवरचं कॅलेंडरच उतरवून आणलं. "रिहर्सलला कधी येऊ?"

"तुम्ही कशाला?" दत्तप्रसाद चपला घालत म्हणाले. "फोटो पाठवा."