शिडीवरचा वाय

इम्प्लिसिट डिफरन्शिएशन माझ्याइतकं सोपं करून शिकवणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये नाही. हे मी आरशासमोर दोनदा तपासलंय.

नवीन पनवेलच्या एका क्लासमध्ये माझं डेमो लेक्चर होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर मामांची पोल्ट्री. कोंबड्यांना मी आवडत नाही.

म्हणून मी थेट शिडीच आणली. भिंतीला टेकवलेली दहा फुटी शिडी. तिचा पाय भिंतीपासून किती लांब, तो एक्स; टोक किती उंच, तो वाय. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर शंभर. पाय सरकला की टोक खाली येणारच; किती वेगाने, ते काढायचं म्हणजे डिफरन्शिएट करायचं. शिडी नेरे गावच्या हरेशदादा मंडपवाल्यांची, त्यामुळे दादाही आले.

"दादा, मी 'डिफरन्शिएट' म्हटलं की पाय वीतभर मागे ओढायचा."

"आमाला काय, वढू."

मी वर जाऊन बसलो. "मुलांनो, मी म्हणजे वाय." क्लासच्या मालकीण अरुंधती मॅडम शेवटच्या बाकावरून बघत होत्या.

"आता दोन्ही बाजू डिफरन्शिएट करू."

शिडी वीतभर सरकली. टाळ्या पडल्या. इथेच थांबायला हवं होतं.

"एक्सचा वर्ग डिफरन्शिएट केला की दोन एक्स..." शिडी सरकली. "दादा, आता नको. वाय डिफरन्शिएट करताना सांगतो." दादांनी इमानेइतबारे ओढली.

"आणि शंभर डिफरन्शिएट केले की?" मॅडमनी विचारलं.

"शून्य," मी खाली येता येता म्हणालो.

"ऐकलंत ना? मग समीकरण दिसलं की आधी काय करायचं?" मॅडमनी मुलांना विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "डिफरन्शिएट!"

वाय शून्य झाला. शिडी मात्र शेवटपर्यंत दहा फूटच राहिली. गणित कुठेही चुकलं नाही.

"आमी काय केला? तुमीच बोलला," दादा म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या हेतलने हात वर केला. "मॅडम, सरांनी वायच्या मागे डीवाय बाय डीटी लावलंच नाही. वाय किती वेगाने बदलतोय, ते."

"लावलं होतं," मी फरशीवरून म्हणालो. "धप्प असा आवाज आला ना, तेच."

"सगळ्यांना कळलं?" मॅडमनी विचारलं. झाडून सगळे हात वर. "मग सर, सोमवारपासून या. प्रत्येक बॅचला हेच उदाहरण घ्यायचं. अगदी असंच."

दादा शिडी उचलता उचलता थांबले. "मंग ही हितंच ठेवू?"

मी आडव्यानेच मामांना फोन लावला आणि कोंबड्या कशा आहेत ते विचारलं.