दिलेला चष्मा

आईच्या चष्म्याला नव्या काचा बसल्याचा निरोप आला, म्हणून आम्ही दोघं दुकानात गेलो. मावशीचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते. मी वाचून दाखवतो म्हटलं, तर आई म्हणाली, "बहिणीबहिणींचं आहे ते. तुझं काय काम?" आज पत्र पिशवीत घालूनच ती निघाली.

चष्मा काउंटरमागच्या खणात होता. आईच्या नावाची चिठ्ठीही त्याला लटकत होती. काउंटरवरच्या बाईंनी पावती पाहिली, मग संगणक पाहिला.

"तुम्ही कालच नेलाय."

"अहो, तो काय समोर!"

बाईंनी वळून पाहिलं. बाई सज्जन होत्या, त्यांनी नाकारलं नाही. "दिसतोय हो. पण सिस्टीम नेला म्हणतेय."

"मग परत द्या."

"परत द्यायला आधी नेलेला जमा करावा लागतो."

"तोच करा जमा! माझ्या हातात द्या, मी लगेच तुमच्या हातात देतो."

"असा कसा देऊ? दिलेली वस्तू पुन्हा देत नाही आम्ही."

मॅनेजर आले. त्यांनी आईकडे संशयाने पाहिलं. "आजी, घरी नीट शोधलात का?"

"शोधायला चष्मा लागतो बाबा."

यावर एकच मार्ग निघाला, हरवल्याची तक्रार. शेवटचा कुठे पाहिला, या प्रश्नाला घर आणि प्रवास एवढीच उत्तरं होती. आम्ही प्रवास निवडला. 'मजकूर मी स्वतः वाचला आहे' याखाली आईचं बोट धरून मीच सही करवली. मला त्याची लाज वाटते. संगणकाने तक्रार तत्काळ स्वीकारली, आणि हरवलेला चष्मा दुकानातच सापडल्याचंही तत्काळ कळवलं.

"झालं की मग!" मी म्हणालो.

"सापडलेली वस्तू नव्वद दिवस ठेवतो आम्ही," मॅनेजर म्हणाले. "खरा मालक आला तर?"

आईने पिशवीत हात घातला. मग तिने पत्र काढून माझ्या हातात दिलं. "वाच. हळू वाच."

मी तिच्या कानाशी वाचू लागलो. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागे लागलेल्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "वाचनालय आहे का हे? आम्हालाही कामं आहेत."

आईने विचारलं, कोण बोललं. मी सांगितलं नाही. रांगेत तिसरे तुम्ही होतात, आणि खणातला चष्मा तुम्हाला माझ्याइतकाच स्वच्छ दिसत होता.