लिमिट म्हणजे लिमिट!

झाशीच्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यात केबलचं इंटरनेट पुरवणारा हृषीकेश त्या दिवशी भलताच जोरात होता. "आजपासून लिमिट म्हणजे लिमिट! महिन्याचा डेटा संपला की वेग गोगलगायीचा. मग तो सख्खा मामा का असेना!"

ऑफिसात हे ऐकायला एकटी रुपाली. घरची मराठी, पण तोंडात हिंदी बसलेली पोरगी.

"भैया, ये सबसे ऊपर वाला नंबर देखिए. पूरे मोहल्ले का डेटा अकेला पी गया!"

"कोण हा बकासुर? आवळ त्याला!"

"नाम तो देख लीजिए."

"अजिबात नाही! नाव बघितलं की नातं निघतं. इथे जो तो कुणाचा तरी फूफा असतो! आणि ऐक, कुणी कितीही रडो, पहिल्या तारखेशिवाय सोडायचं नाही. मी स्वतः फोन केला तरी नाही!"

बटण त्याने स्वतःच दाबलं. हुकूम पचायला यंत्राला तासभर लागे, तोवर गडी शीळ घालत घरी पोचलासुद्धा. कारणही तसंच होतं. नागपूरच्या नानासाहेबांची निवेदिता आज त्याला व्हिडिओ कॉलवर बघणार होती. झाशीत मराठी घरं ती किती, आणि त्यातली निम्मी नात्यातली! बाहेरची स्थळं "एवढ्या लांब मुलगी द्यायची नाही" म्हणून परत जात. हेही गेलं तर आई, कमलिनीबाई, अन्नपाणी सोडणार हे नक्की.

कॉल लागला. नमस्कार-चमत्कार झाले. निवेदिता हसली, हृषीकेश मिशीला पीळ देत त्याहून जास्त हसला. "मला जरा स्पष्टच बोलायचंय," ती म्हणाली, आणि तोंड उघडं ठेवून तशीच थांबली! नानासाहेबांचा कप हवेत लटकला.

"आई, अडकलं!"

"तू बघ जा काय ते! मी सांभाळते."

कमलिनीबाई पुढे सरसावल्या. ऐकू तर काडीचंही येत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर गप्प बसणं बरं दिसतं का? म्हणून त्या मधूनमधून "हो, हो! अगदी!" म्हणत राहिल्या.

जाड भिंतींमुळे घरात मोबाइलला रेंज नव्हती. हृषीकेश धापा टाकत गच्चीवर गेला आणि रुपालीला फोन लावला.

"अगं, आमच्या घरचं नेट मेलं! बघ लवकर!"

"भैया, ये तो वही ऊपर वाला नंबर है!"

"काय? घरात माणसं दोन, आणि आई भजनापलीकडे काही लावत नाही! खोल आधी!"

"परीक्षा ले रहे हैं न? मैं नहीं फँसने वाली!" फोन कट! पुन्हा लावला, तर बाई उचलेचना. आता बोला!

तेवढ्यात खालून हाक आली. ओट्यावर शेजारच्या दुर्गाकाकू, आणि मागे गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका, प्रत्येकीच्या हातात मोबाइल.

"अरे हृषी, नेट का रे गेलं? माझी मालिका ऐन रंगात आली होती!"

"पण काकू, तुमच्याकडे कनेक्शन कुठंय?"

"तुमचंच की! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझ्या आईने यंदा वाण म्हणून पासवर्ड लुटला ना! म्हणाली, वाट्या-चमचे सगळ्यांकडे ढीगभर झालेत."

इतक्यात कमलिनीबाई जिना चढून वर आल्या. "तुटला रे कॉल!" त्यांचे डोळे भरून आले. आणि फोन वाजला. नानासाहेब!

"माफ करा हं, त्याचं असं झालं..."

"माफी कसली, जावईबापू! मुलगी जाम खूश आहे! एवढं बोलली, पण तुम्ही मध्ये एक शब्द काढला नाहीत. नुसते हसत ऐकत होतात! आणि तिच्या चारही अटींना तुमच्या आई लगोलग 'हो' म्हणाल्या. असं घर शोधून सापडायचं नाही!"

म्हणजे तिकडे त्याचं हसरं चित्र गोठलं होतं, आणि आईचा आवाज तेवढा सरपटत पोचत होता! हृषीकेशने फोनवर हात ठेवला. "आई, कुठल्या अटी?"

"मला काय ठाऊक? मान्य आहेत म्हण!"

"मान्य!" हृषीकेश ओरडला. खालून दुर्गाकाकूंनी विचारलं, "आलं का नेट?"

साखरपुडा ठरला. परवा नागपूरहून निरोप आला : पहिली अट आठवते ना? मिशी उतरवल्याचा फोटो पाठवा. हृषीकेशने मुकाट्याने वस्तरा उचलला. बाकीच्या तीन अजून यायच्या आहेत!