पोत्यातलं पाणी

गेनूतात्यांना चहा विचारला, तर ते आधी पाणी मोजतात. कपातलं नव्हे, उसानं ओढलेलं, चहाच्या मळ्याला लागलेलं, म्हशीनं प्यालेलं. मग म्हणतात, "अर्धाच दे. बाकीचं ऱ्हाऊ दे जागेवर."

चाकणला ते आमच्या शेजारी राहतात. घरात एकटेच. कांद्याचा ट्रक निघाला की दारात उभे राहून बघतात. "चाललं बघ पाणी! टँकर न्हाई म्हणून कुणाला दिसत न्हाई." गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाचा हात हातात घेऊन यांनी विचारलं, "कुडत्याचा कापूस कुठला? तिकडं प्यायला हाय का?" नवरदेव हिंजवडीत नोकरीला. बिचारा मंगलाष्टकं संपेपर्यंत बाही चाचपत होता.

आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला पहिला माणूस मी, आणि ते लपवायची मला सवय नाही. एकदा ऐटीत सांगितलं, "तात्या, याला आभासी पाणी म्हणतात. माल परमुलखात जातो, त्याच्यासंगं तो पिकवायला लागलेलं पाणीही जातं."

"एवढं शिकायला तीन वर्सं लागली व्हय रं, ग्रॅज्युएट?"

तात्या पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, ते बघणारा माणूस. माझ्या लहानपणी खांद्यावर फावडं टाकून ते निघाले, की आम्ही पोरं पाण्याच्या तोंडापुढं पळायचो. पुढं तापलेली माती, मागं पालापाचोळा ढकलत येणारं पाणी. आता तिथं गोदामं आहेत, आणि त्यातल्याच एकात मी शिफ्ट करतो. पण तो मातीचा वास काही नाकातून जात नाही. कुणी दुसऱ्याची पाळी उसनी घेतली, तर तात्या पुढच्या खेपेला ती परत करायलाच लावत. "उसनं पाणी अंगावर ठिवू न्हाई."

हाच कायदा त्यांनी लेकीलाही लावला. सुमनताई भीमेच्या खालच्या अंगाला, सोलापूरकडं दिलेली. तिथल्या पाटाच्या पार शेवटाला. ती दर वर्षी बापाला ज्वारीचं पोतं धाडते, आणि तात्या तिला तांदळाचं पोतं धाडतात. "ज्वारी थोडक्या पाण्यात येती. भाताला पाणी लई. तिचं फिटून वर चार घागरी जात्यात." पोतं मोटारसायकलवर घालून एसटी स्टँडला पोचवायचं काम माझं.

यंदा ताईचा मलाच फोन आला. "भाऊ, तात्यांना आवर. हितं भात कुणी खात नाही. सासूबाई म्हणतात, तुझ्या बापाला आमची भाकरी फुकट घ्यायची लाज वाटती का? पुन्हा पोतं आलं तर मी ज्वारी धाडायची बंद करीन. नातंच नको असलं उसनवारीचं."

मी तात्यांना सगळं सांगितलं. ते पोत्यात तांदूळ भरत होते. भरायचे थांबले.

"सोयरीक मीच जमवली," ते म्हणाले. "बघायला गेलो, तर शिवंवर पाट भरून चाललेला. मी पोरगा नीट बघितलाबी न्हाई. पाट बघितला अन् व्हय म्हणलो. मागनं कळलं, वरसातनं तेवढेच चार दिस येतं तिथं पाणी. लोकं फसत्यात, राव. पर मी पाटकरी! मला कळाया नको?"

ताईला मी फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, तांदूळ जरा बारीक पाठवा. खीर करीन. मला खीर लई आवडती."

निरोप घेऊन गेलो, तेव्हा तात्या दाभणानं पोत्याचं तोंड शिवून मोकळे झाले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिला खीर कधीच आवडली न्हाई," ते म्हणाले, आणि जाडा तांदूळ काढून बारीक भरायला त्यांनी शिवलेलं पोतं उसवायला घेतलं.