झेपीवाले व्याही

केनवडच्या चंपतरावांनी झेपी कंपनीचा बटणांचा स्मार्टफोन घेतला, तेव्हा मालेगावच्या भाजीबाजारात तो बघायला झुंबड उडाली होती! फोनात इंटरनेट, आणि डाळिंबाच्या दाण्यांसारखी ठासून भरलेली बटणं! वर्षभरात निम्म्या बाजाराच्या खिशात झेपी आला.

पुढे काचेचे फोन आले आणि एकेक जण फितूर झाला. शेवटी झेपी कंपनीनंच गाशा गुंडाळला. चंपतराव मात्र छाती ठोकून सांगत, "कंपनी मेली म्हनून फोन मरते काय? अजून दहा वर्षं हालत नाही मी!"

त्यांच्या बाजूनं उरले त्याच बाजारातले एकटे इंद्रभान अडते. दोघं एकमेकांसाठी जुन्या बॅटऱ्या हुडकत. त्या दोस्तीतूनच चंपतरावांच्या प्रियदर्शनीचं इंद्रभानांच्या आदर्शशी लग्न जमलं.

साखरपुडा मालेगावला, इंद्रभानांच्या दारी ठरला. आदल्या दिवशी चंपतरावांनी मेसेज टाकला, 'आमची माणसं ४०.' पण शून्याचं बटण झिजून अडकायला लागलं होतं. गेले ४००!

इंद्रभानांनी घाबरून फोन केला. "चंपतराव, येवढे सारे येऊन राह्यले?"

स्पीकर नुसता खरखरला. चंपतरावांना ऐकू आलं फक्त 'सारे'.

"व्हय, सारे! एकबी कमी नाही!"

दुसऱ्या दिवशी चंपतराव चाळीस माणसं घेऊन उतरले. मांडवात चुलाण्यांवर सहा गंज वांग्याची भाजी रटरटत होती.

"बाकीचे कुठं हायेत?" इंद्रभानांनी विचारलं.

"बाकीचे कोन?"

इंद्रभानांनी झेपी पुढे धरला. चंपतरावांनी आकडा वाचला आणि कपाळावर हात मारला. "माह्यामुळं पोरीचं मोडते आता!" त्यांचे डोळे भरून आले.

त्यांची बायको कस्तुराबाई मात्र थेट आदर्शकडे गेली. "जावईबापू, तुमच्या काचेच्या फोनवर टाका बरं, 'साखरपुड्याले जेवाले या.' साऱ्या बाजाराले!"

अर्ध्या तासात हमाल आले, भाजीवाल्या आल्या, एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टर आले! पोरीच्या हातात साखरेचा पुडा पडला, पंगतींवर पंगती उठल्या.

सगळ्यात शेवटी दोघे व्याही जेवायला बसले. गंजात पाहिलं, तर खरवडायलाही भाजी नव्हती! दोघांनी पोळी-लोणचं खाल्लं. पहिला घास उतरल्यावर इंद्रभान हळूच म्हणाले,

"चंपतराव, लग्नाचा आकडा सांगाले मेसेज टाकू नका. एसटीनं या!"